होलाशोवित्से : एका झेक खेड्याची कहाणी

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'बेचिराख' असा एक शब्द आहे. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे आग आणि राख येते. पण मूळ शब्द 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कुणी उरले नाही, ते गाव बेचिराग. घरे उभी असतील, विहिरीला पाणी असेल, शेतांचे बांधही जागच्या जागी असतील. पण माणूस नाही, म्हणून दिवा नाही. महसुलाच्या जुन्या दप्तरांतून हा शब्द अशाच गावांपुढे लिहिलेला सापडतो.

आज मी आपणांस मध्य युरोपातील एका लहानशा खेड्याची हकीकत सांगणार आहे. हे खेडे एकदा जवळजवळ पुरते बेचिराग झाले आणि पुन्हा वसले. सव्वाचारशे वर्षांनी त्यातले बहुतेक दिवे पुन्हा विझले आणि कालांतराने पुन्हा लागले. आणि आज ते जगातल्या जपून ठेवण्याजोग्या स्थळांच्या यादीत जाऊन बसले आहे. नवल असे की, या खेड्याचे जे रूप पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, ते टिकून राहण्यात त्या दोन्ही आपत्तींचा मोठा हात आहे.

या खेड्याचे नाव होलाशोवित्से. नाव जरा अवघड वाटेल, पण मराठी जिभेला ते फार जड जाऊ नये. शेवटचा जो उच्चार आहे, तो आपल्या 'चमचा'मधल्या दंत्य 'च'सारखा. इंग्रज माणसाला तो प्रयासाने काढावा लागतो, आपल्याला तो आईच्या बोलीतच मिळालेला असतो. जर्मन लोक याच गावाला होल्शोवित्स म्हणत. एका गावाला दोन नावे का, याचा उलगडा पुढे होईलच.

प्रथम हे गाव आहे कुठे ते पाहू. पूर्वीच्या झेकोस्लोव्हाकियाचे १९९३ सालच्या पहिल्या दिवशी दोन देश झाले. त्यांतल्या पश्चिमेकडच्या झेक प्रजासत्ताकाचा मोठा भाग म्हणजे जुना बोहेमिया. या बोहेमियाच्या दक्षिण भागात चेस्के बुद्येयोवित्से नावाचे शहर आहे. त्या शहराच्या पश्चिमेला सुमारे पंधरा किलोमीटरवर आपले हे खेडे. मुलूख सखल आणि पाणथळ, मधून मधून तळी. या तळ्यांत कार्प नावाचे मासे पाळण्याचा धंदा शेकडो वर्षे चालत आला आहे. दक्षिणेकडे पाहिले तर क्षितिजावर जंगलाने झाकलेली टेकड्यांची रांग दिसते. तिच्यातले सर्वांत उंच शिखर क्लेत्य, १०८४ मीटर उंचीचे. ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा बव्हेरिया प्रांत या दोन्हींच्या सरहद्दी इथून फार लांब नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. गावाचे निम्मे नशीब या सरहद्दींनी ठरवले आहे.

होलाशोवित्सेची लोकवस्ती आज दीडशेच्या आतच आहे. आपल्याकडे एखाद्या वाडीत यापेक्षा जास्त माणसे असतात. गावाला स्वतःचा वेगळा कारभारही नाही. यांकोव्ह नावाच्या शेजारच्या गावाशी ते जोडलेले आहे. येथे लढाई झालेली नाही, कुणी राजा जन्माला आलेला नाही, तह झालेला नाही. मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवतो. त्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात हे नाव मुलांना कधी भेटत नाही. पण सामान्य शेतकऱ्याच्या घरावरून इतिहासाच्या गाड्याची चाके कशी गेली, हे पाहायचे असेल, तर एखाद्या राजधानीपेक्षा हे खेडे अधिक शिकवून जाते.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा आहे. बोहेमियात तो काळ नव्या वसाहतींचा होता. जंगल तोडायचे, दलदल काढायची, गावे वसवायची आणि शहरे उभारायची, असा तो उद्योग. चेस्के बुद्येयोवित्से हे शहर राजा दुसरा प्शेमिस्ल ओटाकार याने १२६५ साली वसवले. म्हणजे आपले खेडे कागदोपत्री तरी शहरापेक्षा दोन वर्षांनी वडील! त्याच सुमारास, १२५९ साली, दक्षिणेला व्ल्तावा नदीच्या काठी विश्शी ब्रोद येथे सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचा एक मठ स्थापन झाला होता. १२९२ साली राजा दुसरा वेन्सेस्लास याने होलाशोवित्से आणि आणखी काही गावे या मठाला देऊन टाकली. आपल्याकडे देवस्थानाला गाव इनाम मिळावे, तसेच म्हणा ना. तेव्हापासून १८४८ सालापर्यंत, साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ, हे गाव त्या मठाकडेच राहिले.

आता या गावाची आखणी पाहा. ती आपल्या गावठाणासारखी वाकड्यातिकड्या बोळांची नाही. मधोमध एक लांबट चौकोनी मोकळे मैदान, सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. झेक भाषेत अशा गावमैदानाला नावेस म्हणतात. या मैदानाच्या चारी बाजूंना शेतकऱ्यांचे वाडे, एकमेकांना खेटून, तोंडे मैदानाकडे करून उभे. प्रत्येक वाड्याची दर्शनी बाजू अरुंद, पण मागे मात्र तो लांबच लांब गेलेला. वाड्यामागे परडे, परड्यात फळझाडे, आणि परडे संपले की त्याच वाड्याचे शेत. म्हणजे पांढरी आणि काळी यांची सांगड इथे एकाच पट्ट्यात घातलेली आहे. दारातून निघावे ते वाड्यातून, परड्यातून सरळ आपल्या शेतात. ही आखणी तेराव्या शतकातली, आणि आजही ती बव्हंशी तशीच आहे.

आखणी इतकी वर्षे टिकली कशी? त्याचे एक कारण वारसाच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे बाप गेला की शेताच्या वाटण्या होतात. चार भाऊ असतील तर चार तुकडे, आणि नातवांच्या वेळी सोळा. त्या मुलखात शेत आणि वाडा सहसा एकाच मुलाकडे जाई. बाकीच्यांना रोख काही द्यायचे आणि त्यांनी आपली वाट धरायची. कुणी शहरात कारागीर होई, कुणी दुसऱ्या गावी घरजावई, कुणी शेतमजूर. ही रीत धाकट्या भावंडांना कडक होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे शेताचे तुकडे पडले नाहीत, वाड्यांची संख्या शतकानुशतके फारशी बदलली नाही, आणि गावाचा नकाशा मोडला नाही.

यातून आणखी एक रीत निघाली. मुलाच्या हाती कारभार देऊन म्हातारा-म्हातारी बाजूला होत. वाड्यातच त्यांच्यासाठी एखादी वेगळी खोली किंवा छोटे घर असे. आणि दर वर्षी त्यांना धान्य किती, दूध किती, जळण किती द्यायचे, हे सारे करार करून लिहून ठेवलेले असे! आईबापांशी लेखी करार ही कल्पना आपल्याला थोडी कोरडी वाटेल. पण सुनेच्या मर्जीवर भाकरी अवलंबून राहण्यापेक्षा कागदावरचा पायलीभर दाणा बरा, असे म्हणणारी म्हातारी माणसे आपल्याकडेही निघतील.

असो. तर असे हे गाव अडीचशे वर्षे नांदत होते. आणि १५२० साली प्लेग आला.

प्लेगचे वर्णन मी करीत नाही. आपल्या मुलखालाही १८९६ नंतरचा प्लेग ठाऊक आहे. माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली, ते आजी-आजोबांच्या तोंडून पुष्कळांच्या घरात येऊन पोचलेले आहे. होलाशोवित्सेला मात्र माळावर जाऊन वाचण्याइतकीही उसंत मिळाली नसावी. १५२० ते १५२५ या पाच वर्षांत सारे गाव संपले. जिवंत राहिली माणसे फक्त दोन! एवढ्या मोठ्या मैदानाभोवती दोन माणसे. मेलेल्यांना जिथे पुरले, त्या जागेची खूण म्हणून पुढे एक दगडी स्तंभ उभारला गेला.

गाव मठाचे होते. खंड देणारे कूळ नाही तर मठाला उत्पन्न नाही. म्हणून मठाने गाव पुन्हा वसवायला घेतले. माणसे आणली ती बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडून. पुन्हा वसण्याचा वेगही बेताचाच. १५३० सालापर्यंत संख्या सतरावर आली होती. हे नवे लोक जर्मन भाषा बोलणारे. त्यांनी ओसाड पडलेल्या वाड्यांच्या जागा धरल्या, त्याच पट्ट्यांत नांगर घातले, त्याच तळ्यावर गुरे नेली. गावाची भाषा बदलली, पण गावाचा सांगाडा बदलला नाही. आजूबाजूची पुष्कळ खेडी झेक बोलत होती, आणि त्यांच्यामध्ये हे एक जर्मन बोलणारे बेट तयार झाले. गावाला दोन नावे का, याचे उत्तर हे असे आहे. १८९५ सालची मोजदाद पाहिली तर गावात १५७ जर्मन आणि १९ झेक अशी नोंद आहे.

आता आपण मैदानात उभे राहून गावातल्या प्रेक्षणीय जागा एकेक करून पाहू.

मैदानात एक छोटे तळे आहे. हे शोभेसाठी खोदलेले नाही. पूर्वीची घरे लाकडाची. एका घराला आग लागली तर वारा सारे गाव खाऊन टाकी. पाणी हाताशी हवे म्हणून तळे मैदानात. गुरांना पाणी पाजायचे तेही इथेच. आणि बोहेमियातला माणूस पाणी पाहिले की त्यात मासे सोडल्याशिवाय राहत नाही, तो भाग वेगळा.

मैदानातच एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. ते १७५५ सालचे, संत यान नेपोमुत्स्की यांच्या नावाचे. हा संत बोहेमियाचा अगदी घरचा. १३९३ साली राजा चौथा वेन्सेस्लास याने त्याला प्रागमध्ये व्ल्तावा नदीत बुडवून मारले. इतिहास सांगतो की राजा आणि प्रागचे आर्चबिशप यांच्या भांडणात हा त्यांचा अधिकारी बळी पडला. लोककथा सांगते की राणीने देवाजवळ दिलेली कबुली त्याने राजाला सांगितली नाही, म्हणून त्याचा जीव गेला. लोकांनी अर्थातच दुसरी गोष्ट मनात धरली. १७२९ साली रोमने त्याला संतपद दिले, आणि त्यानंतर बोहेमियातल्या पुलापुलावर, पाण्याच्या काठाकाठावर त्याच्या मूर्ती उभ्या राहिल्या. डोक्याभोवती पाच तारे दिसले की समजावे, हाच तो. संतपदानंतर सव्वीस वर्षांनी या एवढ्याशा खेड्यालाही त्याचे मंदिर असावेसे वाटले. मोठे चर्च गावात नाही. खेडेगावात अशा छोट्या मंदिराची घंटा हेच गावाचे घड्याळ असे.

मैदानात एक क्रूस आहे. आणि एक लोहाराचे दुकान. शेतकऱ्याच्या गावाला लोहारावाचून चालत नाही, हे आपल्या बलुतेदारीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. भट्टीची ठिणगी उडते म्हणून लोहारशाळा घरांपासून सुटी, मोकळ्यावर बांधायची, ही युक्तीही दोन्हीकडची सारखीच.

पण गावाचे खरे वैभव म्हणजे ते वाडे. विटांचे असे तेवीस वाडे या मैदानाभोवती आहेत; सगळ्या इमारती मोजल्या तर जपून ठेवलेल्या १२० भरतात. एक वाडा डोळ्यांपुढे आणा. मैदानाकडे तोंड करून दोन घरे जोडीने उभी, आणि त्यांना जोडणारी एक भिंत, तिच्यात कमानीचा दरवाजा. गवताने भरलेला गाडा आत जाईल एवढा. एका बाजूचे घर राहण्याचे. त्यात पुढे बैठकीची मोठी खोली, मध्ये ओसरीसारखा भाग आणि चूल, मागे सामानाची खोली आणि त्याहीमागे गोठा. दुसऱ्या बाजूला धान्याचे कोठार, आणि पुष्कळदा तिथेच म्हाताऱ्यांची ती करारातली जागा. आत चौक, चौकाच्या पिछाडीला आडवे मोठे खळ्याचे कोठार. दरवाजा बंद केला की वाडा म्हणजे एक छोटा किल्लाच.

आता वर पाहा. उतरत्या छपराच्या टोकाला जी त्रिकोणी भिंत मैदानाकडे तोंड करून असते, ती इथे साधी त्रिकोणी ठेवलेलीच नाही. तिच्या कडा लाटांसारख्या वळवल्या आहेत. कुठे शंखाचा आकार, कुठे घंटेचा. पिवळ्या, गुलाबी, फिक्या हिरव्या रंगावर पांढऱ्या गिलाव्यात उठावाची नक्षी: फुले, वेली, पाने. आणि मधोमध घर बांधल्याचे साल. शेजारी शेजारी अशी घरे उभी आहेत, पण एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. जणू नव्या कपड्यांत ओळीने बसलेली लग्नघरची मंडळी.

ही बरोक शैली. झेक लोक या प्रकाराला सेल्स्के बारोको म्हणतात. म्हणजे शेतकऱ्यांची बरोक शैली. बरोक ही मुळात चर्चची आणि राजवाड्यांची शैली. सतराव्या-अठराव्या शतकात तिचा बहर होता. पण या वाड्यांच्या बऱ्याच दर्शनी भिंतींवर साल पाहाल तर ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे! सरदारांनी ही शैली टाकून दिल्यावर पाऊणशे-शंभर वर्षांनी शेतकऱ्याने ती उचलली. असे का?

कारण त्याच्या हातात पैसा आणि मोकळीक तेव्हा आली. १७८१ साली बादशहा दुसरा योसेफ याने शेतकऱ्याची वैयक्तिक गुलामगिरी काढली. धन्याच्या परवानगीवाचून लग्न करता येत नाही, गाव सोडता येत नाही, ही बंधने गेली. पण वेठ राहिलीच. ती १८४८ सालच्या क्रांतीनंतर संपली. जमीन शेतकऱ्याची झाली. मग स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर त्याने जे घर बांधले किंवा नवे केले, ते त्याला मिरवण्यासारखे हवे होते. आणि मिरवणे म्हणजे काय, हे त्याने कुठे पाहिले होते? मठात, चर्चमध्ये, शहरातल्या चौकात. गावोगावच्या गवंड्यांनी तिथली वळणे डोळ्यांत साठवली आणि शेतकऱ्याच्या भिंतीवर उतरवली. कुठे प्रमाण चुकले, कुठे दोन शैलींची भेसळ झाली. पण ज्याच्या बापाजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात वेठ केली, त्याने आपल्या घराच्या कपाळी आपले साल कोरून घेतले, यातला अभिमान त्या भिंतीवर अजून वाचता येतो.

मात्र एक गोष्ट विसरता येणार नाही. हे वाडे बांधणारे बहुतेक जर्मन बोलणारे होते.

१९३८ सालच्या म्यूनिक कराराने झेकोस्लोव्हाकियाचे सरहद्दीवरचे जर्मनबहुल प्रदेश हिटलरला तोडून देण्यात आले. १९३९ च्या मार्चमध्ये त्याने उरलेल्या झेक प्रदेशातही सैन्य घुसवले. सहा वर्षे झेक लोकांनी काय सोसले, याची साक्ष म्हणून एकच नाव पुरे: लिदित्से. प्रागजवळचे हे खेडे १० जून १९४२ रोजी नाझींनी पुरुषांना गोळ्या घालून, बायकामुलांना हाकलून नेऊन, जाळून सपाट केले. अशा सहा वर्षांनंतर १९४५ साली सुटका झाली, तेव्हा झेक मनात जर्मन या शब्दाबद्दल काय साठले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. सरकारने जर्मनांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांना देशाबाहेर पाठवायचे ठरवले. १९४५-४६ या दोन वर्षांत सुमारे तीस लाख जर्मन लोक बाहेर गेले. बरोबर न्यायचे सामान माणशी पन्नास किलोच्या आसपास. नाझींशी लढलेल्यांना सूट होती. पण बहुतेकांच्या बाबतीत निकाल झाला तो भाषेवरून.

होलाशोवित्सेचेही तेच झाले. घराच्या कपाळी आजोबांचे साल कोरलेले, आणि खाली पन्नास किलोचे गाठोडे बांधायचे. दक्षिण बोहेमियातले पुष्कळसे लोक गेले ते बव्हेरियाकडे. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी ज्या दिशेने या गावात वस्ती आली होती, त्याच दिशेने ती परत गेली. पण आता तिकडे त्यांना ओळखणारे कोण होते? इकडे परके ठरलेले, तिकडे निर्वासित. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला या दोन शब्दांचे वजन निराळे सांगावे लागत नाही.

गाव या वेळी पुरते बेचिराग झाले नाही. पण कित्येक वाडे बंद पडले. १९४८ साली कम्युनिस्ट राजवट आली, मागोमाग सामुदायिक शेती आली. खाजगी शेतकऱ्याच्या त्या मोठ्या वाड्याला, त्याच्या कोठाराला आणि गोठ्याला आता काही कामच उरले नाही. छपरे गळू लागली, गिलावा सुटू लागला.

आणि इथे इतिहासाने एक विचित्र खेळ केला. त्याच काळात इतर गावांत काय झाले? जिथे माणसे राहिली, तिथे त्यांनी, माणसे करतात तेच केले. लहान खिडक्या काढून मोठ्या बसवल्या, जुना गिलावा खरवडून सिमेंट मारले, वळणदार भिंती पाडून सरळ ठोकळे उभे केले. त्यांत त्यांची चूक म्हणता येत नाही. अंधाऱ्या खोलीत राहायचे कुणी? होलाशोवित्सेत मात्र बंद घरांत खिडकी मोठी करायला माणूसच नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकातले वाडे, तेराव्या शतकातल्या आखणीवर, ओळीने तसेच्या तसे राहिले. एक पडझड सोडली तर त्यांना हात कुणी लावला नाही. एकटे-दुकटे असे घर इतर खेड्यांतही सापडते. पण सारे मैदानच्या मैदान असे सापडणे दुर्मिळ झाले.

१९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट गेली. १९९० पासून हे वाडे दुरुस्त होऊ लागले, त्यांत माणसे राहायला आली. १९९५ साली सरकारने सारे गाव रक्षित ठरवले, आणि १९९८ च्या डिसेंबरात युनेस्कोने त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्या यादीत प्रागसारखी राजधानी आहे, चेस्की क्रुमलोव्हसारखे किल्ल्याचे शहर आहे, आणि त्यांच्या पंगतीला दीडशे वस्तीचे हे शेतकऱ्यांचे खेडे आहे.

मानाबरोबर ओझेही येतेच. तिथल्या घरमालकाला खिडकी बदलायची, भिंतीला रंग द्यायचा, म्हटले तरी आधी अधिकाऱ्यांची संमती घ्यावी लागते. उन्हाळ्यात प्रवाशांच्या मोटारी येतात. दर जुलैअखेर होणाऱ्या शेतकरी उत्सवाला तर मैदान माणसांनी आणि कारागिरांच्या दुकानांनी फुलून जाते. गावाबाहेर २००८ साली मोठमोठे उभे दगड रोवून एक वर्तुळ केले आहे. अजाण प्रवासी त्याला हजारो वर्षांचे समजून नमस्कार करून येतो. आपल्यापैकी कुणी तिकडे गेलेच, तर एवढे लक्षात ठेवावे की ते वर्तुळ गावातल्या सर्व गोष्टींत वयाने धाकटे आहे!

श्रोतेहो, अशा गावाचे धनी कोण, असा प्रश्न मनात येतो. ज्या झेक कुणब्यांनी तेराव्या शतकात रान तोडून मैदान आखले, ते प्लेगात गेले. ज्या जर्मन शेतकऱ्यांनी विटा रचल्या आणि भिंतींवर फुले काढली, त्यांची नातवंडे परमुलखात वाढली. आज जे राहतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पूर्वजांनी यातले काहीच बांधले नाही. प्रत्येकाचा हक्क खरा आहे, आणि प्रत्येकाचा अपुरा आहे. राजकारणाने हा प्रश्न एकदा भाषेवरून सोडवला. त्याची किंमत काय पडली ते आपण पाहिले.

मला वाटते, त्या भिंतींपुढे उभे राहणाऱ्याने निदान दोन गोष्टी कराव्यात. ती फुले कुणी काढली हे त्याने स्पष्ट बोलावे, नाव लपवू नये. आणि आज जो त्या घराचे छप्पर शाकारतो, गिलावा सांभाळतो, त्यालाही परका म्हणू नये. कारण रिकाम्या घरांनी या गावाचे रूप चाळीस-पंचेचाळीस वर्षे राखले खरे, पण आणखी वीस वर्षे ती घरे रिकामी राहिली असती, तर राखण्याजोगे तिथे काय उरले असते? यादीत नाव घातल्याने गाव टिकत नाही. कुणीतरी तिथे चूल पेटवावी लागते, पोरे शाळेत पाठवावी लागतात, पावसाच्या आधी कौले चाळावी लागतात. होलाशोवित्सेच्या तेवीस वाड्यांच्या खिडक्यांत आज संध्याकाळी दिवे लागतात. कुणाचे का असेनात, ते लागतात म्हणून ते गाव आहे.